पुढचं चाक

वादी कबीरला अकरा वर्षं टायर विकतोय मी.
रबर अंगठ्यानं दाबून सांगतो
कुठला उन्हाळा काढेल, कुठला भर रस्त्यात दगा देईल.
टायरच्या कडेला कोरलेला कारखान्याचा आठवडा
मला पंचांगासारखा वाचता येतो.
तरी आज रुवीच्या दुकानात
तीन चाकांच्या बाबागाडीपुढे उभा राहिलो
पहिल्याच दिवशी कामाला लागलेल्या पोऱ्यासारखा.

लिझेल नावाची मुलगी दाखवत होती:
ही हवेची, ही फोमची.
हिचं पुढचं चाक गरगर फिरतं,
खडीवर जायचं तर असं अडकवून टाकायचं.
हे छप्पर, हा पट्टा, बाटली इथे.
मी गुडघ्यावर बसून टायर दाबला,
मग दुसरा, मग हुंगलाही.
फौझिया पुटपुटली, लोक बघतायत.

चार चाकांची स्वस्त होती, बावीस रियाल.
छत्रीसारखी मिटणारी, लिफ्टच्या कोपऱ्यात मावणारी.
चाकं मात्र सुपारीएवढी.
"असल्या चाकाला फरशीचा सांधाही ओलांडवणार नाही."
"आपण फरशीवरच राहतो," ती म्हणाली.
खरंच होतं.
तिसरा मजला, लिफ्ट, तळघरातली गाडी, मॉल,
पुन्हा तळघर, लिफ्ट.
इल्हामच्या तळव्यांची अजून मातीशी ओळख नाही.

मग ती ते बोलली,
जे सहा महिने आम्ही घरात
सतरंजीखाली सरकवून ठेवलं होतं:
"मार्चात भाडं वाढलं की
आम्हा दोघींना हर्णैला धाडणार ना तू?
मग गाडी इथल्या रस्त्याची घ्यायची, की तिथल्या?"

लिझेल पाठ वळवून खोके रचू लागली.
मराठी तिला कुठून कळणार.
पण बिल करताना इल्हामचा अंगठा धरून म्हणाली,
माझापण आहे, सेबूला, आजीकडे.
चार वर्षांचा.
आणि सुटे पैसे दोनदा मोजले.

मी चाकाकडेच बघत होतो.
बंदराकडे उतरणारी जांभ्याची वाट,
टोपल्यांतून गळलेल्या पाण्यानं निसरडी,
आणि तिच्यावर माझा पांगुळगाडा,
मोडलेल्या होडीच्या फळीतून दाऊदमामूंनी ठोकलेला.
त्यालाही तीनच चाकं.
उंबऱ्याबाहेर गेला की एक निखळायचं
आणि मी ते छातीशी धरून भोकाड पसरायचो.
म्हणजे धंदा तेव्हाच ठरला होता म्हणा.

हवेची घेतली. सेहेचाळीस रियाल.
ते उत्तर होतं की उत्तर टाळणं,
फौझियानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

रात्री मत्रहच्या किनाऱ्यावर.
नऊ वाजून गेले तरी कठडा गरम,
मासळीबाजार धुऊन बंद झालेला,
सूकच्या तोंडाशी लोबानाचा धूर घुटमळतोय.
इल्हाम पुढच्या चाकावर नजर रोवून बसलीय,
जणू ते तीच हाकतेय.
एक चप्पल तिनं दोनदा फेकली,
दोनदा मी आणून दिली.

गाडी किंचित डावीकडे ओढते.
दुकानात कुणी आणली असती
तर दहा मिनिटांत सरळ करून दिली असती.
इथे डावीकडे समुद्र आहे.
मी दांड्यावरची मूठ जरा सैल सोडतो,
फौझिया न बोलता उजवी बाजू धरते.
मग चालता चालता टायर दाबून बघते,
अगदी माझ्यासारखा, अंगठ्यानं.
"हवा कमी नाही वाटत?"

"रात्री थोडी कमीच भरायची," मी म्हणतो.
"उरलेली दुपारचं ऊन भरतं."

चप्पल तिसऱ्यांदा पडते.
या वेळी ती वाकते.